शेपूऐवजी पालक

गौर यायच्या दिवशी दुपारी मोबाइलवर किराण्याच्या अ‍ॅपचा एक संदेश येऊन पडला होता. ‘शेपू उपलब्ध नाही. त्याऐवजी पालक पाठवत आहोत. फरकाचे चार रुपये आपल्या वॉलेटमध्ये जमा.’ मी तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ऑफिसात, जीएसटीच्या आकड्यांत मान घालून बसले होते आणि फोन पर्समध्ये होता. घरी पोचले तोवर पालक ओट्यावर येऊन बसला होता. चांगला होता हो पालक, खोटं कशाला बोलू. पानं टवटवीत, देठ नीट कापलेले, चिखलाचा कण नाही. सासूबाई त्या कागदी पिशवीकडं बघत उभ्या होत्या. “गौरीला पालक दावायचा?” एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळानं, “चार रुपयं परत दिल्यात न्हवं? मग झालं तर.” पहिल्या संध्याकाळी शेपूची भाजी आणि भाकरी, हे आमच्या घरात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. नवऱ्याला कपिलतीर्थच्या मंडईत पिटाळलं. त्यानं मुळं-मातीसकट एक जुडी आणली, दर सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. निवद वेळेत झाला.

प्रसंग एवढाच. कुणाचं काही अडलं नाही, गौर रुसली नाही. पण तो संदेश डोक्यातून जाईना. शेपू संपला याचा राग नव्हताच. त्या दिवशी गावभर शेपूच लागतो, कुठंही संपेल. टोचत होतं ते पुढचं. शेपूच्या जागी पालक जावा हे ठरवलं कुणी? हिरवं ते हिरवं, पालेभाजी ती पालेभाजी, जुडी ती जुडी. पोटापाण्यासाठी हिशेब करणारी बाई मी, हा हिशेब चुकलाय असं मला म्हणता येत नाही. फक्त तो करणाऱ्याला आज गौर आलीय याचा पत्ता नव्हता.

ऑफिसात डबा खाताना अ‍ॅपांच्या गप्पा निघतात त्या मिनिटांच्या. कुणाचं किती मिनिटांत आलं, कुणाला कितीचं कूपन लागलं, कुठं टोमॅटो स्वस्त. मला त्या चढाओढीत आता फार रस उरलेला नाही. मागितलेली वस्तू जवळ नसेल तेव्हा हे लोक काय करतात, एवढंच मी बघते. काही ठिकाणी पिशवी भरणारा मुलगा फोन करून विचारतो. काही ठिकाणी वस्तू गुपचूप गळते आणि पैसे परत येतात. ते बँकेत येतात की त्यांच्याच वॉलेटमध्ये अडकून पडतात हेही बघायचं, कारण वॉलेटमधले चार रुपये म्हणजे पुढच्या खरेदीचं आवतण. आणि काही ठिकाणी पैसे भरायच्या आधीच्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात विचारलेलं असतं की वस्तू नसली तर बदली पाठवायची, विचारून पाठवायची की पाठवायचीच नाही. सणावाराला त्या बारीक अक्षरांइतकं महत्त्वाचं त्या अख्ख्या अ‍ॅपात दुसरं काही नसतं.

असलेली वस्तू काय, कुणीही पोचवेल.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी लिहायचे. वर ‘श्री’, खाली पहिला गूळ, मग तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाणे, असं करत शेवटी कपड्याचा साबण. (गूळच पहिला का, हे कुणी कधी विचारलं नाही. कोल्हापुरात गूळ साबणाच्या खाली लिहिणार काय?) सकाळी कामावर जाताना ती यादी लक्ष्मीपुरीतल्या दुकानात टाकायची आणि संध्याकाळी दुकानातला पोरगा सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून माल आणून द्यायचा. वर्तमानपत्राच्या पुड्या, त्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे वेढे, तेलाचा डबा हँडलला वेगळा लटकवलेला. खोकं उघडलं की आधी वास यायचा, धण्याचा, हिंगाचा, आणि या सगळ्यावर मात करणारा साबणाचा. आई दोरा सोडवून बोटाभोवती गुंडाळून ठेवायची, कागद सरळ करून गादीखाली घालायची. घरपोच मालाचं तेव्हा कुणाला अप्रूप नव्हतं. यादी टाकली की माल येतो, झालं.

त्या खोक्यात मागितलेलं सगळं असायचंच असं नाही. पण यादी परत यायची तेव्हा तिच्या कडेला लाल शाईत शेरे असायचे. ‘तूरडाळ या खेपेची शिजत नाही, अर्धाच किलो दिलीय, दुसरी आली की पाठवतो.’ ‘मोठे दाणे खवट, बारीक दिलेत.’ एकदा तर, ‘आजऱ्याचा घनसाळ अजून आला नाही. पाहुणे कोणत्या तारखेला येणार?’ ताईला बघायला पाहुणे येणार आहेत हे दुकानदारांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. बहुतेक बाबांनीच. किंवा घनसाळ मागितला यावरून त्यांनीच ताडलं असेल, कारण एरवी आमच्या यादीत साधा तांदूळ असायचा. आबा म्हणायचे सगळे त्यांना, अजूनही म्हणतात. यादी वाचून घर ओळखणारा माणूस.

पण हे आठवून गळा दाटून यावा असंही काही नाही. ती यादी दुकानात मोठ्यानं वाचली जायची. आतल्या पोराला ऐकू जावं म्हणून आबा खड्या आवाजात पुकारायचे आणि बाकड्यावर टेकलेली माणसं ऐकत बसायची. महिनाअखेरीला आई स्वतः गेली की ‘तेल पावशेर’ असा पुकारा व्हायचा आणि आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडं बघत राहायची. खातं होतं, म्हणून दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नसे. मागची बाकी उभी असताना खवट दाण्यांबद्दल आवाज तो किती चढवणार? आणि मी मोठी झाल्यावरचं तर विचारूच नका. सॅनिटरी पॅड घ्यायचे तर दुकान रिकामं होईपर्यंत बोळाच्या तोंडाशी उभं राहायचं. मग ते वर्तमानपत्रात, वर काळ्या पिशवीत, आणि देणारा-घेणारी दोघंही तिसरीकडंच बघतायत. माझी मुलगी ते फोनवरून मागवते, दारात घेते, आणि यात सांगण्यासारखं काय आहे हे तिला कळत नाही. आपण पावशेर तेल मागवलं की पाच लिटरचा डबा, अ‍ॅपला त्याचं सोयरसुतक नसतं. ज्या निर्विकारपणाचा मला गौरीच्या दिवशी राग आला, तोच आईला महिनाअखेरीला मिळाला असता तर तिनं त्याला हात जोडले असते.

मधल्या काळात बझारांचे दिवस येऊन गेले. राजारामपुरीतला जनता बझार, वारणा बझार, आणि १९३९ पासूनचा आपला शेतकरी संघ. छापील दर, हातात पावती. आई पहिल्यांदा टोपली घेऊन फळ्यांमधून फिरली तेव्हा घेतलं थोडं आणि हाताळून परत ठेवलं जास्त. परत येताना रिक्षात खुशीत होती. कुणी काही वाचून दाखवलं नाही, याचंच सुख असावं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता. मालाच्या गाड्या येईनात, दूध मिळेना, पेट्रोलला रांगा. आबांच्या दुकानात तोवर मुलगा बसू लागला होता, पण त्या आठवड्यात आबा स्वतः गल्ल्यावर आले. दूध पावडरीची पाकिटं त्यांनी फळीवरून काढून पायाशी ठेवली. गाडीतून उतरून दहा पाकिटं मागणाऱ्या माणसाला त्यांनी एकही दिलं नाही. “संपली,” म्हणाले, सरळ तोंडावर. ज्या घरात तान्हं मूल आहे ती घरं त्यांना तोंडपाठ होती. त्या घरचं कुणी आलं की वाकून एक पाकीट काढायचे आणि पिशवीत सरकवायचे. साखर माणशी एक किलो. मी बाजूला उभी राहून हे बघत होते आणि तेव्हा ते फार थोर वाटलं. नंतर वाटलं, त्या गाडीवाल्याच्या घरीही तान्हं मूल असेल, आबांना ठाऊक नसेल एवढंच. गावात नवा असेल, खातं नसेल. अ‍ॅपनं पहिल्या येणाऱ्याला दहाच्या दहा दिली असती हेही खरं. यातलं बरं कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. दुकानापुढं रस्त्यावर चुन्याचे गोल, एकेका गोलात एकेक माणूस. तेव्हा आबांच्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं. यादी पाठवायची, माल बांधून झाला की पिशवीचा फोटो यायचा, सांगितलेल्या वेळेला जाऊन उचलायची. पिशवीवर स्केचपेननं नाव. ती सवय मला कायमची लागली. आजही डाळी-कडधान्य, तांदूळ, गूळ यांची यादी सकाळी पाठवते आणि संध्याकाळी उद्यमनगरातून येताना थोडी वाट वाकडी करून पिशवी घेऊन जाते. माल आला काय म्हणून दाराकडं कान लावून बसायला नको. आणि मुख्य म्हणजे पिशवी तिथंच उघडता येते. तांदूळ तळहातावर घेऊन उजेडात धरायचे, डाळीचा वास घ्यायचा, दाणा चावून बघायचा. नको ते गल्ल्यावरच परत. हेच अ‍ॅपवर करायचं तर फोटो काढा, कारण निवडा, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ वाचा, आणि तो दिलगीर कोण आहे याचा शोध घेत बसा.

पाकिटबंद मालाला मात्र मी अ‍ॅपच वापरते. बिस्किटं, साबण, भांड्याची पावडर, मुलीचे नूडल्स यांत वास घेण्यासारखं काय आहे? इथं बघायचं ते कागदावरचं. माल हातात आला की मी आधी पाकीट उलटं करते. पाकिटावर जे छापणं सक्तीचं आहे ते जवळपास सगळं ऑनलाइन विकतानाही दाखवावं लागतं, पण पॅकिंगचा महिना आणि वर्ष त्या सक्तीतून वगळलंय. दुकानात आपण मागच्या रांगेतलं ताजं पाकीट ओढून काढतो, इथं जे हाताला लागेल ते येतं. ग्राहकाच्या हातात पडताना निदान तीस टक्के किंवा पंचेचाळीस दिवसांची मुदत उरलेली असावी, असं एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २०२४ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं. तेव्हापासून दारात पाकीट उलटं करताना माझा हात जरा जास्त ठाम असतो. तेलाचं दुसरं. एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण पिशव्या आता ८५० च्याही असतात नि ८०० च्याही, आणि फोटोत सगळ्या सारख्याच फुगलेल्या दिसतात. म्हणून पिशवीचा दर न बघता ग्रॅममागचा दर बघायचा. तो बारीक अक्षरात असतो, पण असतो. मग हाताळणीचे पैसे, छोट्या खरेदीचे पैसे, पावसाचे पैसे. ‘आणखी ६३ रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी फुकट’ असं आलं की मी फोन पालथा ठेवते आणि चहा करते. चहा होईपर्यंत काही आठवलं तरच यादीत वाढ. न विचारता टोपलीत काहीबाही सरकवणं २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी बंद केलंय, पण आपणच आपल्या हातानं सरकवलं तर सरकार तरी काय करणार? वाद फारच वाढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहेच. मी तो फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. मुलगी हसते.

आणि काही गोष्टी अ‍ॅपवर दिसतात तेव्हा आमच्या घरात नुसती करमणूक होते. ‘अस्सल कोल्हापुरी मसाला’, शंभर ग्रॅम. वर मिरचीचा लालभडक फोटो. उन्हाळ्यात ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी चवीला घेऊन, देठ खुडून, गच्चीवर वाळवून, डंकावर रांगेत बसून, खोकत-शिंकत वर्षाची चटणी करून आणणाऱ्या सासूबाईंना मी तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून किंमत बघितली. “शंभर ग्रॅम? कुनाच्या बारशाला?” गुळाचंही तसंच. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, घनसाळला २०१६ मध्ये, ते चांगलंच झालं. पण शाहू मार्केट यार्डात ज्याचे सौदे निघतात तो गूळ मी झिपवाल्या पाकिटात, पावडर करून, कोल्हापुरातच मागवायचा? तेवढा नाद मला नाही.

आमच्या बोळाचा पत्ता नकाशाला कळत नाही. पिन पडते ती मागच्या गल्लीत, भिंतीपलीकडं. पोरं फोन करतात, मी तालमीचं नाव सांगते, आणि तालमीचं नाव घेतल्यावर करवीर तालुक्यातल्या पोराला पुढचं काही सांगावं लागत नाही. गणपतीत तेही अवघड होतं. “वहिनी, मांडव घातलाय, गाडी आत येत न्हाई, या की जरा तोंडापतोर.” मी जाते. असाच एकदा जुलैच्या पावसात एक जण दारापर्यंत चालत आला. रेनकोटाच्या बाह्यांतून पाणी कोपरापर्यंत उतरलेलं, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. पाठीवरच्या बोचक्यातून त्यानं बिस्किटांचे पुडे काढले ते मात्र कोरडे ठणठणीत. चहा घेतोस का विचारलं तर हेल्मेटच्या आतूनच मान हलली, “पुढची लागलीय.” त्याच्या फोनवर मिनिटं उलटी मोजली जात होती. तो गेल्यावर माझ्या फोनवर प्रश्न आला, डिलिव्हरी कशी वाटली? एक ते पाच. मी पाच दिले. त्याहून जास्त द्यायची सोय नव्हती आणि त्या पाचांचं त्याला काय मिळतं हे तिथं लिहिलेलं नव्हतं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांचे गुडघे गेलेत आणि जिना जड जातो, त्यामुळं त्याही आता फोनवर बोलून मागवतात. “तू ऱ्हाऊ दे, मी मागवतो,” म्हणतात. माइकचं बटण दाबून “पारलेचा पुडा” असं त्या फोनला इतक्या मोठ्यानं सांगतात की शेजारच्या काकूंनाही कळतं, आज यांच्याकडं पारलेचा पुडा येणार. आलेल्या पोराला गाव विचारतात, आडनाव विचारतात, दोन मिनिटांत कुणाची तरी सोयरीक निघते. एकदा भाजी आली तेव्हा पिशवी चाचपून म्हणाल्या, “कोथमीर न्हाई व्हय वर घातली?” तो पोरगा गोंधळून फोनमध्ये ऑर्डर तपासू लागला.

परवा आबांच्या मुलानं मला गल्ल्याशी थांबवलं. “ताई, तुम्ही हिशेबातल्या, म्हणून विचारतो. अ‍ॅपवरनं काय काय घेता?” मी सांगत गेले, तो वहीच्या मागं लिहीत गेला. बिस्किटं, साबण, पॅड. पॅड लिहिताना त्यानं मान वर केली नाही, पण लिहिलं. त्यालाही आता घरपोच सुरू करायचं होतं. एक पोरगा ठेवायचा, जुनी मोपेड आहेच. “पण डिलिव्हरीचं पैसं घेऊ का नको? लोक म्हणत्यात, अ‍ॅपवर फुकट हाय.” मी म्हटलं, घे. फुकट म्हणून डाळीवर चार रुपये चढवण्यापेक्षा सरळ वीस रुपये लाव आणि पावतीवर लिही. तिथंच पुठ्ठ्यावर मांडून दाखवलं. पोराचा पगार, पेट्रोल, मोपेडचं काम, दिवसाला किती पिशव्या गेल्या तर तोंडमिळवणी होते. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. “आमच्या आबांनी कधी पैसा घेतला न्हाई घरपोच द्यायला. इतकी वर्सं.”

आबा मागं पोत्यांवर टेकून बसले होते. ऐकू कमी येतं म्हणतात, पण हे त्यांनी ऐकलं. मी विचारलं, “आबा, त्या सायकलवरच्या पोराला पगार किती द्यायचा तुम्ही?”

“पगार?” आबा म्हणाले. “जेवाय घालत होतो की त्याला.”

मुलानं पुठ्ठा माझ्याकडं परत सरकवला आणि म्हणाला, “वीसच्या जागी पंचवीस धरा बघू, ताई.”